गाण्याचा क्लास लावताय, तर आधी मुलांचा घसा बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आठ-दहा दिवसांपूर्वी आमच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली, ११ वर्षांची आहे, एरवी खणखणीत आवाजात "काकू" म्हणून हाक मारणारी, आणि या वेळी तिच्या तोंडातून नुसती हवा बाहेर आली, शब्द कसाबसा. मी विचारलं काय गं, सर्दी झाली का, तर तिची आई कौतुकाने म्हणाली, "नाही हो ताई, रियाज जोरात चाललाय ना, दीड महिना झाला आवाज बसलाय, सर म्हणतात आता फुटून एकदम मोकळा होईल." त्या दोघी उतरल्या आणि मी चौथ्या मजल्यावर घरात शिरून चप्पल न काढता तशीच सोफ्यावर बसून राहिले. कारण अगदी हेच वाक्य मी पाच वर्षांपूर्वी ऐकलं होतं, खरं मानलं होतं, आणि त्यापायी आठ महिने माझा आवाज गेला होता.

त्याच रात्री खाली जाऊन त्या आईशी बोलले. पण नंतर वाटलं की हे एका घरात सांगून भागणार नाही, आपल्या ठाण्यात दर दुसऱ्या सोसायटीत गाण्याचा क्लास आहे, टीव्हीवरच्या स्पर्धा बघून पोरं-आईबाप सगळे जिवाचं रान करतायत, आणि घशाबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही. म्हणून हे पत्र. लांब झालंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर माझी कहाणी कापा, पण मुलांच्या घशाबद्दलचं तेवढं राहू द्या.

मी कोपरीत राहते, ठाणे पूर्वेला, आणि २० वर्षं एका प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणजे आवाज हेच माझं पोट. वर्गात पन्नासएक मुलं, डोक्यावर चार पंखे, खिडकीबाहेर रस्ता आणि रिक्षांचे हॉर्न, या सगळ्याच्या वर आवाज चढवून बोलायची इतकी सवय झालेली की घरी सुद्धा सगळे म्हणायचे हळू बोल गं, आम्ही इथेच आहोत. गाणं लहानपणी शिकायचं राहून गेलं होतं, मुलगी कॉलेजला गेली तेव्हा म्हटलं आता शिकू या. घराजवळच एका सोसायटीच्या तळमजल्यावर क्लास होता, तिथे नाव घातलं. सर मनाने वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते, त्यांना त्यांच्या गुरूंनी जसं शिकवलं तसं ते शिकवत होते. पण आम्ही १४-१५ जण, आठ वर्षांच्या मुलापासून साठीच्या आजींपर्यंत, आणि सगळ्यांना पट्टी एकच, काळी पाच. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पट्टी म्हणजे तुमचा 'सा' कुठल्या स्वरावर धरायचा ते (काळी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या बटणावर), आणि ती चपलेच्या नंबरासारखी ज्याची त्याची वेगळी असते. एकाच मापाची चप्पल पंधरा जणांना घातली तर काय होईल तेच आमच्या घशांचं होत होतं. वर सरांचं सारखं चालायचं, "मोकळा आवाज लावा, लाजू नका, जोर लावा!" आणि जोर म्हटला की माणूस जोर कुठे लावतो, तर मानेत.

क्लासहून आले की कानाखाली जबडा ठणकायचा, मानेच्या दोन्ही बाजू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखायच्या, गिळताना घशात भाताचं शीत अडकल्यासारखं वाटायचं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं लक्षण आहे, घसा तापतोय, व्यायामशाळेत गेल्यावर दंड दुखतात ना, तसंच." मला पटलं. न पटायला मला माहिती काय होती? मग हळूहळू सकाळी आवाज जाड यायला लागला, मग दुपारपर्यंत जाड, मग एका सोमवारी मी हजेरी घ्यायला उभी राहिले आणि सातव्या नावाला आवाज तुटला तो परत आलाच नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून उरलेली हजेरी घेतली. तो दिवस मी विसरू शकत नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी जीभ पुढे धरून तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घातली, "ई म्हणा" म्हणाले, आणि समोर स्क्रीनवर मी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज डोळ्यांनी बघितला. आपण त्यांना स्वरतंतू म्हणतो पण त्या तारा-बिरा नाहीत, श्वासनळीच्या तोंडाशी मऊ पडद्याच्या दोन घड्या असतात, श्वास घेताना उलट्या व्ही सारख्या उघडतात आणि बोलताना मिटून एकमेकींवर थडथडतात. लांबी म्हणाल तर बायकांमध्ये जेमतेम दीड सेंटीमीटर, करंगळीच्या नखापेक्षा थोडी जास्त. माझ्या दोन्ही घड्यांच्या काठावर बरोबर समोरासमोर मोहरीएवढे दोन फुगवटे होते. त्यामुळे मिटताना तेवढेच दोन ठिपके एकमेकांना टेकायचे आणि त्यांच्या पुढे-मागे फट राहायची, अगदी डमरूसारखा आकार. त्या फटीतून हवा निसटायची, म्हणून आवाज फुसका. डॉक्टरांनी 'गाठी' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, पण ते लगेच म्हणाले मॅडम, घाबरू नका, या कॅन्सरच्या नव्हेत आणि यांचा कॅन्सर होतही नाही, हातावर घट्टा पडतो तसं समजा, ऑपरेशनची गरज दिसत नाही, पण आवाज वापरायची पद्धत बदलली नाही तर परत परत येणार.

मी त्यांना दंडाचं उदाहरण सांगितलं. तर ते म्हणाले, दंडात स्नायू आहे, तो ताणला की वाढतो, पण स्वरतंतूच्या काठाला जिथे टाळी बसते तिथे वरचं आवरण आहे, ओठाच्या आतल्या कातडीसारखं नाजूक आणि ओलं. ओठाची आतली बाजू रोज दातांनी चावलीत तर ती मजबूत होईल का? सुजेल, मग जाड होईल. एवढं साधं होतं हो, आणि हे मला ४१व्या वर्षी, आवाज गेल्यावर कळलं.

आणि टाळ्या किती बसतात ते ऐका. काळी पाचचा सा म्हणजे त्या घड्या सेकंदाला साधारण २३३ वेळा एकमेकींवर आपटतात. अर्धा तास तो सा धरला तर चार लाखांहून जास्त वेळा. तार सप्तकाचा, म्हणजे वरचा, सा म्हटला की दुप्पट. बेताने मिटल्या तर त्या हे आयुष्यभर सोसतात, निसर्गाने त्या तशाच बनवल्यात. पण मान आवळून, दाबून गायलं की तीच टाळी थप्पड होते, आणि थपडा लाखांत मोजायला लागल्या की काय होणार.

त्यानंतर व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज न ताणता वापरायचे व्यायाम, झाली, शाळेत कमरेला अडकवायचा छोटा माईक घेतला (हा प्रत्येक शिक्षिकेने घ्यावा, हजार-दोन हजारांची वस्तू आहे, लाज कसली), आणि आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले आता गायला हरकत नाही, पण शिकवणारं माणूस बघून घ्या. ते माणूस मला नौपाड्यात मिळालं. ताई माझ्यापेक्षा १५ वर्षांनी मोठ्या, दोन खोल्यांचं जुनं घर, एका वेळी एकच विद्यार्थी. गेल्या गेल्या मला वाटलं गाऊन दाखव म्हणतील. तर म्हणाल्या, "कालपासून आत्तापर्यंत शरीरात कुठे कुठे दुखलं, आखडलं, ते बोट ठेवून दाखव." मी मान दाखवली, जबडा दाखवला, मग उजवा खांदा, पर्सचा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. सुरांबद्दल त्या दिवशी एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी बसायला शिकले. हसू नका, खरंच बसायला. मांडी घालून बसले की माझे गुडघे कमरेपेक्षा वर राहत होते, त्यामुळे कंबर मागे कलंडायची, पाठीला बाक यायचा, बाक आला की हनुवटी पुढे, आणि हनुवटी पुढे गेली की घशाची पुढची बाजू ताणून धरल्यासारखी. ताईंनी सतरंजीची चारपदरी घडी करून माझ्या बैठकीखाली सरकवली, दोन्ही बाजूंची बसायची हाडं नीट टेकली, गुडघे आपोआप खाली गेले, आणि मान अशी मोकळी झाली की मला वाटलं कुणीतरी डोक्यावरचं बोचकं उचललं. तीच गोष्ट पेटीची. जमिनीवरची पेटी स्वतः वाजवत, मान खाली घालून, वहीतले शब्द वाचत गाणारे किती जण आपण बघतो. आता तर मोबाईलमधला तानपुरा मांडीवर आणि नजर त्याच्यात. एकदा तसं बसून 'आ' म्हणा, मग समोरच्या भिंतीकडे सरळ बघून म्हणा, फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल.

मग श्वास. "पोटातून गा" हे प्रत्येक क्लासमध्ये ऐकू येतं आणि त्याचा अर्थ सगळे पोट आवळून दगड करणे असाच घेतात, मी पण घेतला होता. खरं म्हणजे पोटात हवा जातच नाही. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक स्नायू आहे, श्वासपटल म्हणतात, आपण श्वास घेतो तेव्हा तो घुमट सपाट होत खाली सरकतो, खालच्या आतड्या-बितड्यांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं आणि खालच्या बरगड्या बाजूंना पसरतात. ताईंनी माझे तळवे माझ्याच बरगड्यांवर, मागच्या बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "छत्री उघडतेय असं कर, आवाज न करता." मी खांदे वर उचलून, घशातून सूं असा आवाज काढत श्वास घ्यायचे, शिक्षिकेची सवय, दोन वाक्यांच्या मध्ये घाईघाईत. तो सूं आवाज म्हणजेच घसा आवळलेला आहे याची पावती, हे मला तेव्हा कळलं. आठवडाभर फक्त एवढंच, बिनआवाजाचा श्वास आत, आणि बाहेर सोडताना 'स्स्स' करत, घड्याळाकडे बघून. पहिल्या दिवशी ९ सेकंद. दोन महिन्यांनी २४. आणि गंमत म्हणजे मी जास्त हवा भरत नव्हते, उलट ताई सारख्या म्हणायच्या कमी घे गं, टिच्चून भरलीस की सोडताना धक्का बसतो. दमसास ज्याला म्हणतात तो सगळा सोडण्याच्या हिशोबात आहे, बरगड्या एकदम मिटू न देता हळूहळू मिटू द्यायच्या.

जबडा आणि जीभ हे आणखी एक प्रकरण. अंगठा हनुवटीच्या खाली मऊ जागेत लावायचा आणि वरचा सूर घ्यायचा. अंगठ्याखाली टणक गोळा लागला तर समजायचं जीभ मुळाशी घट्ट होऊन खाली दाबतेय. माझा गोळा मध्य सप्तकाच्या धैवतालाच यायचा! ताई म्हणाल्या, सूर सोड, गोळा आला की थांब, परत खालून ये. म्हणजे सुराच्या मागे न लागता अंगठ्याच्या मागे लागायचं. असे किती दिवस गेले सांगू. पण एके दिवशी धैवत गेला, निषाद गेला, वरचा सा लागला आणि अंगठ्याखाली लोण्यासारखं मऊ, आणि तो सा घशातून आलाय असं मला वाटलंच नाही, नाकाच्या हाडापाशी आणि कपाळात मधमाशी गुणगुणल्यासारखं काहीतरी झालं. मला रडू आलं. ताईंनी तानपुरा थांबवला नाही, म्हणाल्या, "रड, पण मान सैल ठेव."

शहाळ्याच्या स्ट्रॉचा एक प्रकार आहे तो मी आता सगळ्यांना सांगते. ग्लासातल्या पाण्यात दोन बोटं खोल बुडेल असा स्ट्रॉ धरायचा आणि त्यातून फुंकत फुंकत 'ऊ' असा सूर लावायचा, पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. नळी अरुंद असल्याने हवा थोडी अडते, तो दाब मागे घशापर्यंत पोचतो आणि स्वरतंतू एकमेकींवर न आपटता हलकेच जवळ येतात. आवाज थकला असेल तेव्हा पाच मिनिटं हे केलं की गळ्यावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. परदेशात याच्यावर बरंच काम झालंय, आणि आपल्याकडे ओठ मिटून 'म्' करत भ्रामरी करतात त्यात पण अशीच हवा अडते. घंटाळीला योगाचे वर्ग करणाऱ्या आमच्या मैत्रिणींना ते पटकन जमतं.

पट्टी ठरवायला ताईंनी दोन आठवडे घेतले. मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, न दाबता आणि तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, न ओढता लागला पाहिजे, मधला 'सा' मग आपोआप सापडतो. माझी निघाली काळी तीन. म्हणजे आधीच्या क्लासमध्ये मी दोन पूर्ण स्वर वर, महिनोन्‌महिने, ओढून गात होते.

हे सगळं ओळखीच्या एका गायकांना सांगितलं तर ते म्हणाले हे वेस्टर्न लोकांचं खूळ आहे, आपल्या गाण्यात घसा घासल्याशिवाय काही येत नाही. मला हे मान्य नाही. पाश्चात्यांकडून शिकलं तर बिघडलं काय हा एक मुद्दा, कारण जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट बघून त्यावर लिहिणारा मॅन्युएल गार्सिया हा गाण्याचा मास्तरच होता, १८५४ साली त्याने दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडून स्वतःचाच गळा बघितला, आणि पुढे डॉक्टर लोकांनी ते उचललं. टास्मानियात जन्मलेला एफ. एम. अलेक्झांडर नावाचा एक नट होता, रंगमंचावर उतारे म्हणायचा, त्याचा आवाज सारखा बसायचा आणि औषधाने गुण येईना, तेव्हा त्याने आरशांसमोर उभं राहून स्वतःला बोलताना न्याहाळलं, तर दिसलं की तोंड उघडताना तो डोकं मागे खेचतो, घसा खाली दाबतो आणि श्वास हापसतो. म्हणजे दुखणं घशात नव्हतं, मानेच्या सवयीत होतं. पण दुसरा मुद्दा मोठा आहे, आपल्याकडे हे नव्हतं असं म्हणणं हाच आपल्या लोकांवर अन्याय आहे. कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर, ज्यांनी १९२५ साली मुंबईत संगीत विद्यालय काढलं, त्यांनी आवाजाच्या शास्त्राचा खास अभ्यास केला होता. संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक रानडे यांनी गायकांना आणि नटांना आवाज कसा वापरायचा याचे धडे दिले. आणि पहाटे उठून खर्ज लावायचा तो कशासाठी? खालचे सूर, हलका आवाज, शांत घर, शेजारी झोपलेले. तिथे ओरडायला जागाच नाही. जुन्या उस्तादांच्या आठ-आठ तास रियाजाच्या गोष्टी सांगतात, पण तो शिष्य गुरूच्या घरी राहायचा, समोर गुरूचा कान दिवसभर जागा असायचा, आवाज जरा दाबला की तिथेच टोकणारा. आठवड्यातून एक तास क्लास आणि बाकी सहा दिवस मोबाईलवरच्या ट्रॅकबरोबर एकट्याने किंचाळणं, याला त्या रियाजाचं नाव देऊ नये.

घरगुती उपायांचं थोडं लिहिते, कारण त्यावर फार भिस्त ठेवतात लोक. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, मध-आलं, सगळं घ्या, घशाला बरं वाटतं, पण गिळलेली कुठलीच वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, गेली तर ठसका लागेल, कारण ते श्वासाच्या वाटेवर आहेत आणि गिळताना ती वाट मिटते. नुसत्या गरम पाण्याची वाफ मात्र तिथवर पोचते. आणि दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायलं की ते रक्तावाटे आतून ओलावा ठेवतं, गायच्या आधी गटागट प्यायलेलं तांब्याभर पाणी त्या वेळेला कामाचं नाही. घसा साफ करायला सारखं खाकरणं वाईट, त्यात त्या दोन घड्या एकमेकींवर आपटतात, त्यापेक्षा एक घोट पाणी गिळा. आवाज बसल्यावर बरेच जण कुजबुजत बोलतात आणि त्याला आराम समजतात, त्यात सुद्धा घसा आवळला जातो. गप्प बसा, नाहीतर हळू पण खऱ्या आवाजात बोला. आणि पित्त. रात्री अकराला वडापाव खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं, सकाळी आवाज जाड, दोष मात्र एसीला.

आता मुलांचं, ज्यासाठी हे पत्र. मुलांच्या घशात अशा गाठी सर्रास होतात, मैदानात ओरडून होतात तशा चुकीचं गाऊनही होतात. त्यात १२-१४ वर्षांच्या मुलग्यांची अवस्था फार वाईट. त्या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब-जाड होतात, आवाज बघता बघता सप्तकभर खाली उतरतो आणि मध्येच फुटतो. आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा, लहानपणी इतकं गोड गायचा की गॅदरिंगला त्याचं गाणं ठरलेलं, तो आवाज फुटायला लागल्यावर पण त्याला जुन्याच पट्टीत गायला लावत राहिले, कारण स्पर्धेचं गाणं तिथे बसवलं होतं. वरचे सूर लागेनात तेव्हा त्याला म्हणाले तू मेहनत कमी करतोस. त्याने गाणं सोडलं. मेहनतीचा काय संबंध होता? त्याला दीड-दोन वर्षं खालच्या पट्टीत, थोडंथोडं, सोपं गाऊ द्यायला हवं होतं, बाकी वेळ ताल, श्रवण, तबला, काय वाट्टेल ते.

आणि आमच्या लोकलमधल्या भजनी मंडळांना हात जोडून सांगते, तुमचं भजन ऐकत मी कित्येक वर्षं प्रवास केलाय, सकाळ सुंदर होते. पण गाडीच्या खडखडाटात माणूस नकळत आवाज चढवतो, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. पट्टी दोन स्वर खाली घ्या, आलटून पालटून गा, उतरल्यावर लगेच कुणाला हाका मारू नका.

पालकांनी क्लास लावायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बसावं. तिथल्या मुलांच्या माना बघाव्यात, वरच्या सुराला शिरा फुगतात का, हनुवट्या वर जातात का, सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावलंय का. घरी आल्यावर मुलाला 'सूर लागला का' विचारायच्या आधी 'घसा दुखला का' विचारावं, आणि दुखला तर त्या दिवशी गाणं बंद. सर्दी-बिर्दी नसताना आवाज दोन-तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, काढा पीत बसू नये. खर्चाची अडचण असेल तर वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ पासून वाचा आणि श्रवणाच्या तक्रारींवर काम करते, तिथे चौकशी करावी. गाणं शिकवणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे, रागावू नका, पण तुमच्या हातात लहान मुलांची दीड सेंटीमीटरहून छोटी वस्तू असते आणि ती बदलून मिळत नाही. आपल्या शेजारी वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळाचं केंद्र आहे, तिथे किंवा आपल्या गडकरी रंगायतनच्या आसपास कुठे क्लासवाल्यांसाठी एक दिवस घशाचे डॉक्टर, व्हॉइस थेरपिस्ट आणि जुनेजाणते गवई एकत्र बसवता आले तर मी स्वतः सतरंज्या घालायला येईन.

त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला परवा डॉक्टरांना दाखवलं. सूज आहे, गाठी अजून झालेल्या नाहीत. तीन आठवडे गाणं बंद सांगितलंय, ती खूप रडली, मी तिला शहाळ्याचा स्ट्रॉ नेऊन दिलाय, डॉक्टरांनी हो म्हटलं की दोघी मिळून बुडबुडे काढणार आहोत.

संपादक महाशय, तुमच्याकडे एक मागणं. १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो, ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली सुरू केला आणि पुढे जगभर पसरला. बरोबर त्याच सुमाराला आपल्या पेपरात सुट्टीतल्या गायन शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. त्या दिवशी त्या जाहिरातींच्या शेजारी एक पान आवाजाच्या काळजीला द्या, डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वरतंतूंचं चित्र छापा, मोठं छापा, मुलांना कळेल असं. ते पान कापून वर्गाच्या भिंतीवर लावायचं काम माझं.

आपली नम्र,
एक शिक्षिका, कोपरी, ठाणे (पूर्व)
(शाळेमुळे नाव छापू नये ही विनंती.)